कथा लिहायला बसलं की गॅसचा नंबर का आठवतो? डोकं मोकळं करण्याची रीत

दिवाळी अंकांसाठी लिहिणाऱ्यांचा हंगाम भर पावसाळ्यात असतो. संपादकांचे निरोप मे-जूनमध्ये येतात आणि मजकूर जुलैअखेर, फार तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत हवा असतो. १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ मासिकानं पाडलेला दिवाळी अंकाचा हा पायंडा आज शेकडो अंकांपर्यंत पोचला आहे, आणि त्यांत लिहिणारे बहुतेक जण पोटापाण्यासाठी दुसरंच काहीतरी करतात. नेमक्या याच महिन्यांत मुलांचे प्रवेश, छताची गळती, प्राप्तिकराचं विवरणपत्र, श्रावणातले सण आणि पाठोपाठ गणपती. रविवारी दुपारी कसाबसा वेळ काढून माणूस बसतो, पहिलं वाक्य लिहितो आणि दुसऱ्या वाक्याआधी त्याला आठवतं की गॅसचा नंबर लावायचा राहिला.

याला आपण ‘वेळच मिळत नाही’ म्हणतो. पण वेळ तर काढलेला असतो. त्या वेळात डोकं दुसऱ्याच कामाला जुंपलेलं असतं, ही खरी अडचण. आणि ते जुंपलेलं असतं कामांच्या संख्येमुळे नव्हे, तर त्या कामांचं काय करायचं हे न ठरवल्यामुळे. पुढचा सगळा लेख या एका गोष्टीवर उभा आहे. मन शांत करा, विचार थांबवा, असं मी सांगणार नाही. विचार थांबवून कुणी कथा लिहिलेली नाही. ठरवायच्या राहिलेल्या गोष्टी ठरवून टाकायच्या, किंवा कधी ठरवायच्या तेवढं तरी ठरवायचं. तेवढ्यानं बरीच जागा होते. उदाहरणं लिखाणाची दिली आहेत, पण चित्र काढणाऱ्याला, चाल बांधणाऱ्याला किंवा प्रबंध अडकलेल्या विद्यार्थ्यालाही हेच लागू पडेल.

आधी थोडं कारण

बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या हाताखाली शिकणाऱ्या ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना छोटी छोटी कामं दिली, त्यातली निम्मी मध्येच थांबवली आणि नंतर काय काय आठवतं ते विचारलं. अर्धवट राहिलेली कामं जास्त आठवली, असं त्यांना दिसलं. स्मरणाबद्दलचा हा निष्कर्ष पुढच्या प्रयोगांत दर वेळी टिकला नाही. पण त्यांच्याच सहकारी मारिया ओव्सियान्किना यांनी पुढच्या वर्षी दाखवलेली गोष्ट बरीच टिकून आहे: मध्येच अडवलेलं काम, कुणी सांगितलं नसलं तरी, माणूस संधी मिळताच पुन्हा हाती घेतो. म्हणजे अर्धवट काम मागून ओढत राहतं.

आपल्या कामाची खरी गोष्ट कळली ती २०११ मध्ये. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या अमेरिकी संशोधकांनी लोकांना आधी त्यांच्या राहिलेल्या कामांची आठवण करून दिली आणि मग वाचायला एक उतारा दिला. वाचताना मन कामांकडेच धावू लागलं. मात्र ज्यांना त्या कामांचा नेमका बेत आखायला सांगितला होता, त्यांचं मन तसं धावलं नाही. कामं दोघांचीही तशीच पडून होती. फरक फक्त बेताचा.

यात जोडायची आणखी एक गोष्ट म्हणजे डोक्यात एका वेळी हाताळता येणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतात. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये हा आकडा साधारण ४ असा मांडला. कथेतलं पात्र, ते उभं आहे ती खोली, त्याला काय लपवायचं आहे आणि पुढचं वाक्य, एवढ्यातच हात भरले. पाचवा गॅसचा नंबर आत आला की यातलं काहीतरी खाली पडणारच.

पहिली पायरी: सगळं कागदावर उपसून काढा

एक तास मोकळा ठेवा. पाठकोरे कागद घ्या, पेन घ्या. मोबाईल दुसऱ्या खोलीत. मोबाईलवरच टिपून ठेवायची सवय असली तरी हे एवढं काम कागदावर करा, कारण मोबाईल हातात घेतला की तो आणखी चार गोष्टी डोक्यात भरूनच परत देतो.

डोक्यात येईल ते लिहायचं. क्रम नाही, महत्त्व नाही, पूर्ण वाक्यं नाहीत. पेन थांबलं की स्वतःला विषय सुचवायचे: घर, पैसे, कागदपत्रं, तब्येत, ऑफिस, दिलेले शब्द, घेतलेल्या वस्तू, ज्यांचा फोन उचलला नाही ती माणसं, कुणाचं बोलणं लागलं, कशाची भीती वाटते. पेन दुसऱ्यांदा थांबलं तरी उठू नका. खरा माल बऱ्याचदा त्यानंतर येतो. पहिल्या १५ मिनिटांत बिलं आणि दुरुस्त्या निघतात, माणसं आणि भीती मागाहून.

समजा, ठाण्यात राहणारी, बँकेत नोकरी करणारी एक बाई आहे. सासूबाई घरात, मुलगी अकरावीच्या प्रवेशात, हातात अर्धी झालेली कथा. तिच्या कागदावर हे उतरेल:

*गॅसचा नंबर. बाथरूमचं लीकेज, खालचे काका. सासूबाईंचा मोतीबिंदू कधी? अकरावीची दुसरी यादी. भिशी सोडायची का. वन्संना फोन नाही केला. मंगळागौरीला सुट्टी? लायब्ररीची पुस्तकं, दंड. साहेब त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले ते. बदली आली तर? डब्याचं झाकण. कथेतला म्हातारा शेवटी घर विकतो का. लोकलमध्ये मोगरा विकणारी बाई, सुटे मोजता मोजता स्वतःशीच भांडत होती.*

कागद भरला की उठा, चहा करा. एवढ्यानंच हलकं वाटतं, पण त्यावर विसंबू नका. नुसती यादी दोन दिवसांत पुन्हा डोक्यात शिरते, कारण अजून काहीच ठरलेलं नाही. वह्याच्या वह्या भरूनही ज्यांचं डोकं जड राहतं, ते बहुधा इथेच थांबलेले असतात.

दुसरी पायरी: एकेका ओळीला उत्तर द्या

सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत फळ देणारा भाग हा. प्रत्येक ओळीशी थांबून विचारायचं, ‘याचं पुढचं पाऊल काय?’ पाऊल म्हणजे हातापायांनी करता येईल अशी कृती. ‘लीकेज’ ही कृती नाही, ते दुखणं आहे. ‘शनिवारी सकाळी सेक्रेटरींना भेटून प्लंबर सोसायटीचा की आपला, ते विचारणं’ ही कृती. कोण, कुठे, केव्हा हे ओळीत आलं नाही, तर ती ओळ रात्री परत येणार.

वरच्या बाईचा कागद घेऊन बसू.

गॅसचा नंबर दोन मिनिटांचं काम, आत्ताच लावून टाकायचा. डब्याच्या झाकणाचंही तसंच, पण ते घरात करता येत नाही. ‘स्टेशनबाहेरचं भांड्यांचं दुकान, गुरुवारी येताना’ एवढं लिहिलं की सुटलं. लायब्ररीची पुस्तकं आजच पिशवीत घालून पिशवी दाराच्या कडीला अडकवायची. दंड किती झाला असेल ही कल्पना दंडापेक्षा महाग पडते.

अकरावीची दुसरी यादी तिच्या हातात नाही. ती लागेल त्या दिवशी लागेल. असल्या गोष्टींसाठी ‘वाट पाहायची’ असा वेगळा कप्पा ठेवावा आणि तिथे तारीख लिहावी. त्या तारखेआधी वेबसाइट उघडायची नाही. दिवसातून सहा वेळा उघडल्यानं यादी लवकर लागत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे उघडतात.

‘बदली आली तर?’ हे काम नव्हे, ही भीती. तिला कृती नसते, पण अट घालता येते: ‘आदेश निघाला तर त्याच आठवड्यात युनियनच्या माणसाला भेटायचं. तोपर्यंत यात करण्यासारखं काही नाही.’ हे दुसरं वाक्य शब्दशः लिहून काढा. डोक्याला ते सांगावं लागतं.

भिशी. इथे पुढचं पाऊल असं काही नाहीच, कारण गाठ निर्णयाची आहे. जे निर्णय आज घेता येत नाहीत त्यांना तारीख द्यायची: ‘१० तारखेला भिशीचं ठरवायचं, त्याआधी विचार नाही.’ जे आज घेता येतात ते आजच घ्यायचे. आणि इथेच आपल्या लोकांची खरी गोची आहे. नाही म्हणणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं, म्हणून आपण ‘बघते’, ‘सांगतो नंतर’ म्हणून सोडून देतो. समोरचा वाट पाहत राहतो आणि आपण त्याला टाळत राहतो. वर्षानुवर्षं रेंगाळणारी अशी पाच-सहा आश्वासनं प्रत्येकाकडे निघतील. ती मोडायची. निरोप साधा असू द्या: ‘यंदा मला जमणार नाही, माझ्यावर अवलंबून राहू नका.’ कारणं देऊ नका. कारण दिलं की समोरचा त्यावर उपाय सुचवतो आणि तुम्ही पुन्हा अडकता.

‘वन्संना फोन’ हे मात्र सोडून देण्यातलं नाही. दहा मिनिटांचा फोन तीन आठवडे पुढे ढकलण्यात जो मनस्ताप जातो, त्यात एक लेख होईल. आज संध्याकाळी भाजी निवडताना करून टाका.

राहिली कथेतला म्हातारा आणि मोगरा विकणारी बाई. यांना इतर ओळींबरोबर झाडून टाकू नका. डोकं साफ करायच्या भरात माणसं ही चूक हमखास करतात. भरकटणारं मन, ऐकलेली वाक्यं, उगाच लक्षात राहिलेले चेहरे ही अडगळ नव्हे, तो कच्चा माल. त्याला वेगळी वही करा, आणि त्या वहीत बिलं, फोन नंबर, किराणा काहीही जाऊ देऊ नका. म्हाताऱ्याचा प्रश्न पूर्ण वाक्यात लिहा: ‘म्हातारा घर विकतो का, आणि विकलं तर सही करताना त्याच्यासोबत कोण असतं?’ तो पुढे लागणार आहे.

तिसरी पायरी: आठवण ठेवण्याचं कामही वाटून द्या

सासूबाईंचा मोतीबिंदू मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यात घराघरातली एक गोष्ट दडलेली आहे.

बायको नवऱ्याला म्हणते, ‘आईंचं ऑपरेशन बघायला हवं.’ नवरा म्हणतो, ‘तू सांग, मी करतो.’ नवऱ्याच्या दृष्टीनं काम वाटलं गेलं. प्रत्यक्षात डॉक्टर कोणता, साखर आधी तपासायची का, मेडिक्लेमचं कार्ड कुठे आहे, ड्रॉप कधीपासून, सोबत कोण जाणार, हे सगळं बायकोच्या डोक्यात तसंच. नवऱ्यानं फक्त गाडी चालवली. घरातल्या बाईला लिहायला बसल्यावर जे आठवतं ते बहुतांशी याच जातीचं असतं. तिनं कितीही याद्या केल्या तरी लक्षात ठेवण्याचं काम एकटीकडे आहे तोवर डोकं रिकामं होणार नाही.

म्हणून काम द्यायचं तर अख्खं द्यायचं, आठवणीसकट. ‘आईंच्या डोळ्यांचं सगळं तुझ्याकडे. तारीख ठरली की कॅलेंडरवर लिही.’ त्यानंतर विचारायचं नाही, सुधारायचं नाही. तारीख तुमच्या मनातल्यापेक्षा पंधरा दिवस उशिराची निघाली आणि डॉक्टरांना चालत असेल, तर तुम्हालाही चालायला हवी. हे अवघड आहे, मान्य. अनेक घरांत यावरून एखाद-दुसरं भांडणही होईल. पण माझ्या मते या एका पायरीनं जेवढी जागा मोकळी होते तेवढी ध्यानाच्या कुठल्याही ॲपनं होत नाही. पुरुष वाचकांना सांगणं एवढंच की तुमची कथा शांतपणे लिहून होत असेल, तर गॅसचा नंबर कुणाच्या डोक्यात आहे ते एकदा बघा.

तारखांसाठी जागा भिंतीवरची. कालनिर्णय १९७३ पासून घराघरात आहे आणि दुधाचा हिशोब, सिलिंडरची तारीख, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या त्याच्या चौकोनांत लिहायची सवय आपल्याकडे मुरलेली आहे. तीच वापरा. मोबाईलमधली नोंद एकट्याची असते, भिंतीवरची अख्ख्या घराची. बाकी कृतींसाठी एकच डायरी. दोन ॲप, एक डायरी आणि फ्रिजवर चिठ्ठ्या असा पसारा झाला की कुठलंच ठिकाण भरवशाचं राहत नाही आणि डोकं पुन्हा स्वतःच पहारा द्यायला लागतं. नवीन डायऱ्या, रंगीत पेनं, ॲपची वर्गणी यात आठवडा घालवणं ही लिहिणं टाळायची जुनी युक्ती आहे, तिला बळी पडू नका.

टेबल आवरायचं का? आवडत असेल तर आवरा. २०१३ मधल्या एका अमेरिकी प्रयोगात पसारा असलेल्या खोलीत बसलेल्यांना उलट जास्त नव्या कल्पना सुचल्या. एका प्रयोगावर फार भिस्त ठेवू नये, पण पुस्तकांचा ढीग तसाच राहिला म्हणून लिहिणं अडत नाही, एवढं खरं.

चौथी पायरी: ज्याला कृतीच नाही, त्याचं काय

साहेब सगळ्यांसमोर बोलले ते. याचं पुढचं पाऊल काय? कधीकधी असतं: दोन दिवसांनी एकट्यात गाठून ‘सर, ते मला लागलं’ म्हणणं. बऱ्याचदा काहीच नसतं. राग, अपमान, गेलेल्या माणसाची आठवण, जुना पश्चात्ताप यांना डायरीत तारीख टाकून भागत नाही.

इथे वेगळं लिखाण उपयोगी पडतं. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं आयुष्यातल्या सर्वांत त्रासदायक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं होतं. लिहून झाल्या झाल्या त्यांना वाईटच वाटलं, मात्र पुढच्या काही महिन्यांत त्यांतले दवाखान्यात कमी वेळा गेले. नंतरच्या अनेक प्रयोगांत हा परिणाम लहानच निघाला, तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको. रीत सोपी आहे: घड्याळ लावून १५ मिनिटं, शुद्धलेखन नाही, कुणाला दाखवायचं नाही, नंतर फाडून टाकलं तरी चालेल. काय झालं, तेव्हा काय वाटलं आणि आज काय वाटतं, तिन्ही यायला हवं. नुसत्या शिव्या लिहिल्या तर राग चांगलाच घोटला जातो.

हे लिखाण म्हणजे कथा नव्हे आणि ते कथेत आणायची घाईही करू नये. झोपायच्या आधी तर हे लिखाण मुळीच करू नका. आणि लिहून उलट त्रास वाढत असेल, दोनेक आठवडे झोप-भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर हा अडगळीचा प्रश्न नाही. डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

पाचवी पायरी: आत येणारं कमी करा

मोबाईलबद्दल सगळ्यांनी सगळं सांगून झालंय, मी आवरतं घेते. सोसायटी, शाळा, नातेवाईक, दहावीची बॅच असे सगळे गट कायमचे म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका आणि दिवसातून दोनदा ठरल्या वेळी उघडा. फोन घरच्यांचेच वाजतील अशी सोय सगळ्या फोनांत असते, ती लिहिण्याच्या वेळेपुरती चालू करा. सकाळी उठल्या उठल्या पहिला अर्धा तास दुसऱ्याचं काही वाचायचं नाही, वर्तमानपत्रही नाही.

ऑफिस मात्र असं म्यूट होत नाही. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम सोडून दुसऱ्याकडे वळताना लक्षाचा काही भाग पहिल्या कामालाच चिकटून राहतो, विशेषतः ते अर्धवट असेल तर. त्यावरचा उपायही त्यांनीच पुढे तपासला: उठण्याआधी मिनिटभर, काम कुठे थांबलं आहे आणि परत आल्यावर पहिली गोष्ट कोणती, हे लिहून ठेवायचं. संध्याकाळी टेबल सोडताना दोन ओळी खरडा: ‘कर्जाच्या तीन फायली तपासून झाल्या, चौथीत पगाराचा दाखला नाही. उद्या आधी पार्टीला फोन.’ फाईल बँकेत राहते आणि तुम्ही घरी जाता.

सहावी पायरी: रिकामी जागा झाली, आता तिच्यात प्रश्न ठेवा

डोकं मोकळं झालं की कल्पना आपोआप येतील, हा गोड गैरसमज आहे. रिकाम्या डोक्यात मोबाईल येतो. कल्पना येण्यासाठी तिथे आधी एक प्रश्न ठेवावा लागतो.

फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे यांची गोष्ट यासाठीच सांगतात. एका प्रश्नावर त्यांनी आधी भरपूर डोकेफोड केली होती. मग भूगर्भशास्त्राच्या सहलीला गेले, गणित विसरले आणि कुतांस गावी घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता उत्तर समोर आलं. लोक बसची पायरी लक्षात ठेवतात, आधीची डोकेफोड विसरतात. ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये अशा घडणीचे चार टप्पे मांडले: तयारी, मुरणं, सुचणं आणि पडताळणं. मुरायला आधी काहीतरी घातलेलं हवं.

तर म्हाताऱ्याचा तो प्रश्न घ्या. सकाळी पाच मिनिटं कथेचं शेवटचं पान वाचा, प्रश्न मनात ठेवा आणि चालायला बाहेर पडा, कानात काही न घालता. स्टॅनफर्डच्या ओपेझो आणि श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये मोजलं, तेव्हा बसलेल्यापेक्षा चालताना नव्या कल्पनांचं प्रमाण सरासरी ६० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, आणि तेही कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालताना. म्हणजे टेकडी, तळं, समुद्र नसला तरी बिघडत नाही. सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारा, पावसात पार्किंगमध्ये मारा. एकच नेमकं उत्तर शोधायच्या कामाला मात्र चालण्याचा तसा फायदा दिसला नाही. त्यामुळे सुचवायला चाला आणि वाक्य घासायला बसा.

हात गुंतलेले आणि डोकं मोकळं अशी कामं आपल्या घरांत मुबलक आहेत: मेथी निवडणं, लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या. ती करताना टीव्ही बंद ठेवा. लोकलचा एका बाजूचा प्रवास कानात इअरफोन न घालता करा. पहिले तीन-चार दिवस कंटाळा येईल, जीव नकोसा होईल. तो येऊ द्या. काही सुचलं तर कच्च्या मालाच्या वहीत तिथल्या तिथे टिपा. ‘लक्षात राहील’ म्हणून सोडलेलं वाक्य दादरला उतरेपर्यंत गेलेलं असतं.

सातवी पायरी: प्रत्यक्ष बसणं

आदल्या रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं उद्या-परवा करायच्या कामांची यादी लिहा. बेलर विद्यापीठातल्या एका प्रयोगात (२०१८, ५७ तरुण) राहिलेल्या कामांची यादी करणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी करणाऱ्यांपेक्षा सुमारे ९ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. प्रयोग लहान आहे, पण खर्च पाच मिनिटांचा.

बसायची वेळ रोज एकच ठेवा आणि ती घरात जाहीर करा. ४० मिनिटं पुरेत. दोन तासांची बैठक नोकरदार माणसाला आठवड्यातून एकदाही जमत नाही आणि न जमलेल्या बैठकीची टोचणी वेगळीच. शेजारी एक कोरा कागद ठेवा. मध्येच ‘दूधवाल्याचे पैसे’ आठवलं तर उठायचं नाही, कागदावर लिहायचं आणि परत म्हाताऱ्याकडे. बैठक संपल्यावर तो कागद डायरीत उतरवायचा, न चुकता. नाहीतर पुढच्या वेळी डोकं त्या कागदावर विश्वास ठेवणार नाही. उठताना पुढच्या वाक्याची अर्धी ओळ लिहून ठेवा. ओव्सियान्किना यांची ती अर्धवट कामाची ओढ इथे तुमच्या बाजूनं उभी राहते.

दर आठवड्याला

शनिवारी किंवा रविवारी २० मिनिटं डायरी, कॅलेंडर आणि वही समोर घेऊन बसा. झालेलं खोडा, वाट पाहायच्या कप्प्यातल्या तारखा बघा, नवीन आलेल्या गोष्टींना पुढचं पाऊल द्या. तीन आठवडे एकच ओळ पुढे सरकत असेल तर ती छोटी करा, दुसऱ्याला द्या किंवा सरळ काट मारा. मंगळागौरीची सुट्टी तीन आठवड्यांत मागितली नसेल, तर तुम्हाला जायचंच नाहीये. फोन करून तसं सांगून टाका.

आणि कथा पाठवून झाल्यावर तीही याच डायरीत जाते. संपादकाचं उत्तर येईपर्यंत दिवसातून दहा वेळा मेल उघडणारे लेखक पुढची कथा लिहीत नाहीत. वाट पाहायच्या कप्प्यात लिहा: ‘कथा पाठवली, अमुक तारीख. तीन आठवड्यांनी एक निरोप.’ निरोपही आजच तयार ठेवा: ‘नमस्कार, अमुक तारखेला कथा पाठवली होती. स्वीकारली आहे का, एवढं कळवावं, म्हणजे पुढचं ठरवता येईल.’ त्यालाही आठवडाभरात उत्तर नाही आलं, तर कथा मागे घेत असल्याचं कळवून मोकळं व्हा. तोवर दिवाळी अंकांची पानं बहुधा लागलेली असतात. जानेवारीपासून मासिकांना पुन्हा मजकूर हवा असतो, तेव्हा पाठवायची तारीख नव्या कॅलेंडरवर टाका.